निलगिरीची चौकशी

नाक चोंदल्यानं माणूस मरत नाही. मेला असता तर चार लोक तोंड पाडून गप्प तरी बसले असते. चोंदलेल्या नाकाचं खरं दुःख हेच, की लोक गप्प बसत नाहीत. हाड मोडलं तर डॉक्टरचा पत्ता सांगतात, ताप आला तर गोळी सांगतात. पण नाक चोंदलं म्हणा, की प्रत्येकाच्या कपाटात एक बाटली निघते. आणि ती बाटली वर्षभर तुमचीच वाट बघत बसलेली असते.

नाकरावांचं नाक चोंदलं ते एका सोमवारी. आता ज्याला सगळी डेअरी 'नाकराव' म्हणते त्याचंच नाक चोंदावं, म्हणजे पोहायला शिकवणाऱ्यानं बादलीत बुडावं तसं झालं. पण झालं खरं.

नाकरावांचं काम एकच. वास घ्यायचा. पहाटे दुधाच्या गाड्या धक्क्याला लागतात, कॅन उतरतात, हमाल झाकण उचलतो, नाकराव वाकतात, एक श्वास घेतात आणि म्हणतात, "चालू." नाहीतर म्हणतात, "बाजूला." बस. लॅब, फॅट, मशिनं, ते सगळं त्याच्या पुढचं. दूध नासायच्या आधी, नासायचं नुसतं मनात आणतं तेव्हाच ह्यांना कळतं, असं ड्रायव्हर लोक म्हणायचे. एकदा कॅनवर वाकून ते म्हणाले होते, "ही गाय काल लसणाच्या वाफ्यात शिरली होती." आणि शिरली होती! मालकाला शेजाऱ्याशी झालेलं भांडणसुद्धा अजून मिटवता आलं नव्हतं. चोवीस वर्षं हा माणूस ह्या एका नाकावर ताठ मानेनं जगला.

पण वर्षापूर्वी नवीन साहेब आले. वाईट नव्हे हो माणूस, पण शिकलेला. कागदावर नसलेली गोष्ट त्यांना दिसायची नाही, आणि नाक काही कागदावर बसेना. मग त्यांनी नियम काढला. वास घेणाऱ्याला नाकाचा कसलाही विकार झाला, तर त्याला रिकाम्या क्रेटच्या गोदामात पाठवायचं आणि ती जागा पुन्हा भरायची नाही. तिथं यंत्र बसवायचं. नियमाचा कागद धक्क्यावर भिंतीला चिकटवला होता, बरोबर नाकरावांच्या नाकासमोर.

तर सोमवारी नाकरावांनी पहिल्या कॅनवर वाकून श्वास घेतला आणि आत काहीच गेलं नाही. भिंतीला नाक लावल्यासारखं. पुन्हा घेतला. हमाल झाकण धरून उभा. मागं पंचवीस कॅन. नाकरावांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "चालू."

त्या दिवशी त्यांनी सगळं दूध माणसांच्या तोंडाकडं बघून पास केलं. ज्याचं दूध चांगलं तो ड्रायव्हर जांभया देतो. ज्याचं बिघडलंय तो घरच्यांची चौकशी करतो. एकानं विचारलं, "काय नाकराव, वहिनी बऱ्या आहेत ना?" नाकराव म्हणाले, "बाजूला." लॅबमध्ये तपासलं तर खरंच आंबट निघालं. पण असं किती दिवस रेटणार? जांभया काय, कुणीही देतो.

दुपारी ते रजेच्या क्लार्ककडं गेले. क्लार्क डबा उघडून बसला होता.

"आठ दिवस रजा पाहिजे."

"कारण?"

"नाक चोंदलंय."

क्लार्कनं यादी काढली. बोट फिरवत खाली गेला, परत वर आला. "नाक चोंदणं नाही ह्याच्यात. सर्दी आहे. सर्दीला दोन दिवस. वाहतंय का?"

"वाहिलं असतं तर काय पाहिजे होतं?"

"मग सर्दी नाही. नाकाचा विकार लिहू? त्याला आठ दिवस मिळतात, पण डॉक्टरचा दाखला लागतो. आणि दाखला आला की मला तो भिंतीवरच्या नियमाला जोडावा लागतो." क्लार्कनं घास घेतला. "विकार लिहू का?"

"नको," नाकराव म्हणाले. "जेव तू."

घरी बायकोनं तोंड बघूनच ओळखलं. म्हणाली, "सांगून टाका ना साहेबांना."

"काय सांगू? चोवीस वर्षं ज्याच्यावर खाल्लं तेच बंद पडलं म्हणून?"

"चार दिवसांनी उघडेल की."

"उघडेल गं. पण तोवर मी क्रेट मोजत असेन आणि माझ्या जागेवर डबडं वाजत असेल. कुणाला बोलू नकोस."

बायको कुणालाच बोलली नाही. फक्त वरच्या मजल्यावर शिवणाचे क्लास घेणाऱ्या बाईंना म्हणाली, तेही जिन्यात, तेही हळू आवाजात. त्या बाईंच्या क्लासला अकरा बायका येतात.

संध्याकाळी सहाला पहिली बेल वाजली. तळमजल्यावरचे रिटायर कंपाउंडर. जन्मभर दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची औषधं बांधली, आता स्वतःच्या डोक्यातली देतात. हातात हिरवी बाटली.

"निलगिरी," ते म्हणाले. "आमच्या आजोबांपासून चालत आलेलं. दोन थेंब रुमालावर. तिसरा टाकायचा नाही."

"तिसरा टाकला तर?"

"टाकायचा नाही म्हटलं ना! आणि मिशी आहे तुम्हाला, तिला जरासं लावा. मिशी म्हणजे देवानं दिलेला रुमालच."

मंगळवारी नाकराव रुमाल घेऊन धक्क्यावर गेले. दोन थेंबांनी काही होईना, म्हणून चार टाकले. चारांनी होईना, म्हणून बाटलीच वरच्या खिशात ठेवली. ती बाटली आडवी झाली आणि पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत हळूहळू त्यांच्या स्वेटरमध्ये मुरली. नाकरावांना पत्ताच नाही. पत्ता लागायला नाक लागतं. घरी येऊन बाटली बघितली तर रिकामी. ते बायकोला म्हणाले, "हे तेल उडून जातं वाटतं." बायकोनं खिडकी उघडली. पण नवऱ्याचा आधीच पडलेला चेहरा बघून ती काही बोलली नाही. बिचारीची दया अशी चुकीच्या वेळी कामाला लागली.

बुधवारी वाफ. आता वाफ घेणं म्हणजे काय, पातेलं, पाणी, डोक्यावर टॉवेल, संपलं. पण तोवर प्रकरण नाकरावांच्या हातात राहिलंच नव्हतं. स्वयंपाकघरात ओट्यापाशी कंपाउंडर उभे. शिवणवाल्या बाई पुदिन्याचा अर्क घेऊन आलेल्या. आणि मेहुणा आलेला. हा मेहुणा दर वर्षी नवीन काहीतरी विकतो. मागच्या वर्षी पाणी शुद्ध करणारी कांडी, यंदा झाडपाल्याच्या सात तेलांची पेटी, सोबत रंगीत पुस्तिका.

"भावजी, एक तेल म्हणजे एक माणूस," मेहुणा म्हणाला. "सात तेलं म्हणजे टीम. देवदार खालून ढकलणार, लवंग वरून ओढणार."

"माझ्या नाकात काय कपाट अडकलंय काय?"

"पुस्तिकेत चित्र आहे, बघा तरी!"

"निलगिरी सोडून बाकी सगळं थोतांड," कंपाउंडर म्हणाले.

"पुदिन्यानं माझ्या जाऊबाईंचं डोकं एका दिवसात उतरलं," शिवणवाल्या बाई म्हणाल्या. कुठं उतरलं ते कुणी विचारलं नाही.

नाकराव टॉवेलखाली गेले. तिथं अंधार होता, ऊब होती आणि कुणी सल्ला देत नव्हतं. आठवड्यात पहिल्यांदा त्यांना जरा बरं वाटलं. बाहेर मात्र तिघांनी आपापल्या बाटल्या, एकमेकांना दिसणार नाहीत अशा बेतानं, पातेल्यात रिकाम्या केल्या.

पुढं काय झालं ते नाकरावांना नीटसं आठवत नाही. डोळे फुटल्यासारखे झाले, कानात शिट्ट्या वाजल्या, ते टॉवेलसकट उठले आणि पातेलं अर्धं त्यांच्या अंगावर, अर्धं खुर्चीवर वाळत टाकलेल्या स्वेटरवर. नशीब, पाणी तोवर कोमट झालं होतं. वास जिन्यातून वर गेला, खाली गेला. समोरच्या घरातल्या आजोबांचं बारा वर्षांचं बंद नाक खाडकन उघडलं, आणि उघडल्या उघडल्या त्यांनी पहिली तक्रार केली ती जिन्यातल्या वासाची. सगळ्या बिल्डिंगचं नाक मोकळं झालं. एक ह्या माणसाचं सोडून.

"आत बसलंय, सुटायला लागलंय," मेहुणा म्हणाला. "उद्या फरक पडेल."

उद्या पडला फरक.

गुरुवारी नाकराव तोच स्वेटर घालून धक्क्यावर गेले. दुसरा नव्हता, आणि वास उडून जातो ह्याची त्यांची खात्री पटलेली होती. मिशीला कंपाउंडरांच्या सल्ल्यानं ताजं तेल. दुधासारखी भोळी वस्तू नाही. शेजारी कांदा ठेवा, कांद्याची होते. फिनेल ठेवा, फिनेलची होते. हा माणूस एका पाठोपाठ एक दीडशे कॅनवर वाकला आणि प्रत्येक कॅनला मिशी दाखवून आला. हमालांना वास आला नाही असं नव्हे, चांगला नाकात झोंबला. पण नाकराव काही बोलत नाहीत म्हणजे वास नसणारच, असं ते धरून चालले. चोवीस वर्षांची सवय.

दहा वाजता लॅबवाल्या मॅडम साहेबांच्या खोलीत धावत गेल्या. टाकीतल्या चार हजार लिटर दुधाला निलगिरीचा वास! दूध थांबवलं. शेवटी ते सगळं टाकून द्यावं लागलं. गटारीला पांढरा पूर आला आणि डेअरीच्या मागची सगळी गल्ली दुपारभर बाम लावल्यासारखी हुळहुळत होती.

साहेबांनी नाकरावांना बोलावलं. "हे तुमच्या नाकाखालून कसं गेलं?"

बोलायची हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. नाकरावांनी तोंड उघडलंसुद्धा. पण खोलीत मॅडम होत्या, क्लार्क होता, आणि टेबलावर यंत्राचं चकचकीत माहितीपत्रक होतं. तोंडातून दुसरंच वाक्य निघालं.

"मला सकाळीच शंका आली होती, साहेब. खात्री करत होतो."

साहेब खुर्चीत पुढं सरकले. "कुठल्या गाडीचं दूध?"

"एका गाडीचं नाही वाटत. गुंतागुंतीचं आहे."

"तर मग असं करा," साहेब म्हणाले, "उद्या तुम्ही आणि मी. जीपनं. प्रत्येक संकलन केंद्रावर जाऊ. वासाचं मूळ तुम्हीच शोधून काढायचं. मी यंत्राचं लांबणीवर टाकतो, बघूया तुमचं नाक काय करतं."

ज्यानं घाण केली त्यालाच तिचा पत्ता काढायला पाठवलं. आणि त्याला वासही येत नाही! नाकराव घरी जाऊन नुसते भिंतीकडं बघत बसले. बायको म्हणाली, "जेवायला वाढू का?" ते म्हणाले, "वाढ. चव तर लागत नाहीच, निदान हात हलेल."

शुक्रवारी जीप निघाली. पुढं ड्रायव्हर आणि साहेब, मागं नाकराव आणि स्वेटर. पहिल्या केंद्रावर कॅन उघडला. नाकराव वाकले, डोळे मिटले, मान हलवली. मग साहेब वाकले.

"येतोय!" साहेब म्हणाले. "पुसट आहे, पण येतोय. वा, नाकराव!"

दुसऱ्या केंद्रावर आला. तिसऱ्यावर आला. चौथ्या केंद्रावर तर रिकाम्या कॅनलाही आला, आणि नाकरावांच्या डोक्यात उजेड पडला, की हा वास आपलाच. साहेबांनी मांडीवर नकाशा पसरला होता, त्यावर लाल गोल करत होते. दुपारपर्यंत त्या नकाशाला गोवर आला. साहेब खूश. म्हणाले, "केवढं मोठं प्रकरण आहे हे! कुणीतरी निलगिरीचा पाला चाऱ्यात मिसळतंय." ड्रायव्हर सकाळपासून मान खिडकीबाहेर काढून गाडी चालवत होता, त्याला कुणी काही विचारलं नाही. नाकरावांना दर केंद्रावर वाटे, आता सांगावं. आणि दर केंद्रावर साहेब पाठीवर थाप मारत. थापेखाली माणूस खरं बोलत नाही.

दिवस कलायला लागला तेव्हा जीप एका गोठ्यापाशी थांबली. रस्त्याच्या कडेला एकटाच गोठा, दोन गाई, आणि मागं निलगिरीच्या झाडांची रांग.

साहेबांनी टोपी काढली. "सापडलं," ते म्हणाले.

गोठ्याची मालकीण साठीच्या पुढची. आसपासचे सगळे तिला आक्का म्हणत. शेणाचे हात पदराला पुसत ती बाहेर आली. साहेबांनी तिच्या कॅनचं लाल चिंधी बांधलेलं झाकण उघडलं, नाकराव वाकले, साहेब वाकले. येतोय! साहेबांनी पॅडवर हुकूम लिहायला घेतला. पुढील आदेशापर्यंत ह्या गोठ्याचं दूध बंद.

"बंद म्हणजे?" आक्का म्हणाली.

"तुमच्या गाई निलगिरी खातात. दुधाला वास येतो."

"गाय निलगिरीला तोंड लावते होय?" आक्का हसली, मग तिला कळलं की हा माणूस हसत नाहीये. ती गेली, डहाळी मोडून आणली आणि गाईच्या तोंडापुढं धरली. गाईनं मान फिरवली. आक्कानं दुसऱ्या बाजूनं धरली. गाईनं दुसऱ्या बाजूला फिरवली. "बघा! तीस वर्षं झाली ह्या झाडांना. साहेब, मालक अंथरुणाला खिळलाय आतमध्ये. ह्या दोघींच्या दुधावर चूल पेटते माझी. बंद कसं करता?"

"तुम्ही म्हणता म्हणून मी मानू शकत नाही, आणि गाय म्हणते म्हणूनही नाही," साहेब म्हणाले. आवाज कठोर नव्हता, पण पेन चालूच होतं. "आमचा माणूस आहे सोबत. चोवीस वर्षांचा. त्यांनी सांगितलं वास नाही, तर मी आत्ता कागद मागं घेतो. बोला नाकराव. येतो का वास?"

सगळे नाकरावांकडं बघायला लागले. साहेब, ड्रायव्हर, आक्का. दोन्ही गाईसुद्धा. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी कागद फिरला असता हो. पण साहेबांच्या नाकाला तो येत होता ना! ते उद्या दुसऱ्या गोठ्यावर गेले असते, परवा तिसऱ्या. गोवर आलेल्या नकाशातला कुठला ना कुठला ठिपका ह्यात गेलाच असता.

आक्का त्यांच्या अगदी जवळ आली होती. ती त्यांच्याकडं वर बघत होती आणि तिच्या नाकपुड्या हलत होत्या. तिला कळलं होतं. तिनं फक्त डहाळी खाली टाकली.

"साहेब," नाकराव म्हणाले, "मला येतो की नाही, मला माहीत नाही. सोमवारपासून मला कसलाच वास येत नाही. नाक चोंदलंय. हा वास माझा आहे."

"तुमचा म्हणजे?"

"मिशीला निलगिरी आहे. स्वेटरला सात झाडं आहेत. जिथं मी वाकलो तिथं तो गेला. कालचं दूध माझ्यामुळं गेलं. आक्काच्या दुधाला काही झालेलं नाही."

साहेबांनी पुढं होऊन नाकरावांच्या खांद्याचा वास घेतला, आणि दोन पावलं मागं सरकले.

"ड्रायव्हर," ते म्हणाले, "तुला कळलं नाही?"

"साहेब, मला मान वाकडी होईपर्यंत कळलंय. मला वाटलं, तुमचं आणि त्यांचं काहीतरी कामाचं चाललंय."

हुकूम रद्द झाला. फाडला नाही, कारण क्रमांक पडलेला कागद फाडत नाहीत. साहेबांनी त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली कारण लिहिलं. काय लिहिलं ते नाकरावांनी वाचलं नाही. परत निघताना साहेब जीपचं दार धरून उभे राहिले, अवघडले. "राग म्हणून नाही सांगत," ते म्हणाले, "पण माझं डोकं सकाळपासून दुखतंय. तुम्ही मागून येता का?"

मागून दुधाची गाडी आली. तिचा ड्रायव्हर नाकरावांना पंधरा वर्षं ओळखत होता. तो हात जोडून म्हणाला, "नाकराव, मागं दूध आहे हो." नाकराव म्हणाले, "बरोबर आहे. जा." आणि चालायला लागले. पाच किलोमीटर. ज्यांच्या शब्दाशिवाय दुधाचा थेंब आत जात नव्हता, त्यांना दुधाच्या शेजारी बसायची बंदी झाली. पाय दुखले. पण त्या वाटेवर कुणी औषध सांगितलं नाही, एवढं सुख होतं.

शनिवारी हुकूम आला, क्रेटचं गोदाम, पुढील आदेशापर्यंत. धक्क्यावर तात्पुरत्या लॅबवाल्या मॅडम. बायकोनं स्वेटर तीन वेळा धुतला, मग तारेवरच विसरल्यासारखं केलं. मिशी नाकरावांनी स्वतः उतरवली. बिल्डिंगमध्ये कुणी बेल वाजवली की बायको सांगायची, झोपलेत.

सोमवारी पहाटे नाकराव गोदामात क्रेट रचत होते. तिथून धक्का दिसतो. गाड्या लागल्या, कॅन उतरले. मॅडम वाकत होत्या, घाबरत घाबरत, प्रत्येक कॅनला तीन तीन श्वास घेत. काही कॅन उगाचच बाजूला काढत होत्या. नाकरावांना ओरडून सांगावंसं वाटलं, बाई, एकच श्वास, दुसऱ्याला नाक खोटं बोलतं. पण त्यांचा आता संबंध नव्हता.

मग आक्काचा कॅन आला. झाकणाला लाल चिंधी बांधलेली, म्हणून लांबून कळला. त्याच्या आधीचे दोन कॅन बाजूला गेले होते. मॅडम वाकल्या. नाकराव हातात क्रेट धरून थांबले. मॅडमनी एक श्वास घेतला. दुसरा घेतला. हमालाकडं बघितलं. आता ह्या बाईला शुक्रवारची गोष्ट ठाऊक, निलगिरीची रांगही ठाऊक, मनात एकदा भरलं की नाकात शिरायला कितीसा वेळ? मॅडमनी तिसरा श्वास घेतला. नाकरावांचा तर पहिलाच आत अडकून बसला होता.

"चालू," मॅडम म्हणाल्या.

नाकरावांनी श्वास सोडला. तो उजव्या नाकपुडीतून शिट्टी वाजवत बाहेर पडला.

ते तिथंच उभे राहिले. हळूच परत आत ओढला. आत आलं ते आंबलेल्या दुधाचं, ओल्या प्लॅस्टिकचं, कुठल्यातरी मेलेल्या उंदराचं. ते त्यांनी पोटभर घेतलं. हमालानं विचारलं, "काय झालं हो?" ते म्हणाले, "काही नाही. तिकडं कोपऱ्यात, तिसऱ्या थप्पीखाली उंदीर आहे, काढून टाक."

नाक उघडल्याचं त्यांनी बायकोला सांगितलं आणि वर ताकीद दिली, की जिन्यात हळू आवाजातसुद्धा नाही. कळलं असतं तर कंपाउंडर म्हणाले असते, निलगिरीचा गुण. शिवणवाल्या बाई म्हणाल्या असत्या, पुदिन्याचा. आणि मेहुण्यानं पुस्तिकेत त्यांचा फोटो छापला असता.